‘घातलेले’ की ‘चिकटलेले’?

पुढील दोन वाक्ये वाचा. ‘ओसरीवर सतरंजी घातली.’ ‘ओसरीवर फरशी घातली.’ दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. पण पाहुणे गेले की सतरंजी उचलून, झटकून, घडी करून ठेवता येते. फरशी उचलायची तर गवंड्यालाच छिन्नी-हातोडा घेऊन बोलवावे लागते. म्हणजे ‘घातली’ या शब्दावरून ती वस्तू खालच्या जमिनीला चिकटलेली आहे की नाही, हे कळत नाही. ते आपल्याला कळते सतरंजी आणि फरशी यांच्या अनुभवावरून.

तुम्ही म्हणाल, हा तर मराठीच्या तासाचा विषय. विज्ञानाच्या मासिकात तो कशाला? पण नेमका हाच प्रश्न एकदा अमेरिकेतील एका अपील न्यायालयापुढे आला होता. तेथे ‘घातलेली’ वस्तू होती सोन्याची, केसाहूनही पातळ पट्टी, आणि वाद होता तो ‘संकलित मंडला’चा. ज्याला आपण बोलताना ‘आयसी’ किंवा ‘चिप’ म्हणतो तेच हे. तुमच्या घरातील मोबाइल, घड्याळ, दूरचित्रवाणी संच, गणकयंत्र ही सारी ज्याच्यावर चालतात, त्या शोधाच्या एका महत्त्वाच्या भागाचा हक्क कोणाचा, हे दोन शब्दांच्या अर्थावर ठरायचे होते.

सांध्यांचे संकट

प्रथम अडचण समजून घेऊ. १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर तयार झाला आणि अवजड, तापणाऱ्या निर्वात नळ्यांची गरज हळूहळू संपली. अभियंते मोठमोठी मंडले आखू लागले. परंतु मंडलातील प्रत्येक ट्रान्झिस्टर, प्रत्येक रोधक, प्रत्येक धारित्र हा सुटा भाग होता. ते एकमेकांना तारांनी जोडायचे आणि प्रत्येक जोडावर डाक द्यायचा, हे काम हातांनी होई.

आता थोडे गणित करू. समजा, एक सांधा पक्का असण्याची शक्यता ०.९९९९ आहे, म्हणजे दहा हजारांत एखादाच सांधा कच्चा राहतो. हे काम उत्तमच म्हणायचे. पण यंत्रातच दहा हजार सांधे असतील तर? सगळेच्या सगळे पक्के असण्याची शक्यता ०.९९९९ चा दहा हजारावा घात, म्हणजे सुमारे ०.३७ येते. तीन यंत्रे बनवली तर त्यांतले जेमतेम एक पहिल्या फटक्यात चालेल! भाग वाढवावेत तर सांधे वाढतात, आणि सांधे वाढले की यंत्र बिघडते. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिकी या भिंतीपाशी येऊन अडली होती.

यावर उपाय एकच: सारे भाग अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यात घडवायचे आणि त्यांच्यातील जोडण्याही तेथेच करायच्या. ही कल्पना दोन माणसांना, दोन ठिकाणी, काही महिन्यांच्या अंतराने सुचली.

दोन माणसे, दोन वाटा

पहिले जॅक किल्बी. १९५८ साली ते डॅलस येथील टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत नव्याने रुजू झाले. जुलैमध्ये कंपनीला सामुदायिक सुटी लागली. नव्या माणसाच्या खात्यावर रजा कोठून असणार? किल्बी जवळजवळ एकटेच कामावर राहिले. २४ जुलै रोजी त्यांनी आपल्या वहीत नोंद केली, की रोधक, धारित्र आणि ट्रान्झिस्टर हे तिन्ही एकाच अर्धवाहकाचे बनवले तर ते एकाच तुकड्यात बनवता येतील. १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी वरिष्ठांपुढे जर्मेनियमचा एक लहानसा तुकडा ठेवला. त्याची लांबी होती सुमारे ११ मिलिमीटर आणि रुंदी दीड मिलिमीटरच्या आसपास. कळ दाबताच दोलनदर्शकाच्या पडद्यावर ज्या-वक्र उमटला. एका तुकड्यातील मंडल काम करीत होते.

मात्र त्या तुकड्यावर एक गोष्ट जुनीच होती. आतील भाग जोडण्यासाठी किल्बी यांनी सोन्याच्या बारीक तारा वापरल्या होत्या. त्या तुकड्यावरून कमानीसारख्या अधांतरी जात आणि हातांनी जोडाव्या लागत. भाग एकत्र आले, पण सांध्यांचे संकट पुरते टळले नव्हते.

दुसरे रॉबर्ट नॉइस. ते कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीत होते. तेथील झाँ होर्नी या शास्त्रज्ञांनी ट्रान्झिस्टर बनवण्याची एक नवी रीत शोधली होती. सिलिकॉन तापवले की त्यावर सिलिकॉन ऑक्साइडाचा पातळ, काचेसारखा थर येतो. तोवर हा थर काम झाल्यावर काढून टाकीत. होर्नी यांनी तो तसाच ठेवला, म्हणजे खालच्या संधींचे धूळ-दमटपणापासून रक्षण होते. नॉइस यांच्या लक्षात पुढची गोष्ट आली. हा थर नुसते पांघरूण नाही, तो दुर्वाहकही आहे! मग त्यात हवी तेथे छिद्रे ठेवायची आणि वरून धातूचा पातळ थर द्यायचा. छिद्रातून धातू खालच्या भागाला टेकेल आणि इतरत्र ऑक्साइडावरून निर्धोकपणे पुढे जाईल. अधांतरी तारा नकोत की डाक नको. साऱ्या जोडण्या छापल्यासारख्या एकदम तयार होतील. २३ जानेवारी १९५९ रोजी नॉइस यांनी ही कल्पना आपल्या वहीत लिहिली.

किल्बी यांच्या कंपनीने ६ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटंटचा अर्ज केला. नॉइस यांचा अर्ज दाखल झाला ३० जुलै १९५९ रोजी, म्हणजे १७४ दिवसांनी. पण पेटंट आधी मिळाले ते नॉइस यांना, २५ एप्रिल १९६१ रोजी. किल्बी यांना ते मिळायला २३ जून १९६४ उजाडला. साहजिकच प्रश्न निघाला: ऑक्साइडावरून जाणाऱ्या धातूच्या जोडण्या ही कल्पना आधी कोणी मांडली?

हक्कदावा म्हणजे काय?

पुढची गंमत कळण्यासाठी पेटंटची, शासकीय मराठीत ‘एकस्वा’ची, रचना माहीत हवी. पेटंटच्या कागदाचे ठळक असे दोन भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे वर्णन, आकृत्या आणि कृती असते. शेवटी येतात क्रमांक घातलेली काही वाक्ये; त्यांना हक्कदावे म्हणतात. आपल्या १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यातही संपूर्ण वर्णनाच्या अखेरीस हक्कदावे असावेच लागतात. शेताला जसा बांध, तसा शोधाला हक्कदावा. बांधाच्या आत आपले, बाहेर दुसऱ्याचे किंवा सर्वांचे.

उदाहरण घेऊ. समजा, खोडरबर लावलेली पेन्सिल आजवर कोणी पाहिलेलीच नाही आणि ती तुम्ही बनवली. दावा दोन प्रकारे लिहिता येईल.

(अ) ‘पेन्सिल, जिच्या एका टोकाला खोडरबर बसवलेले आहे.’

(आ) ‘षट्कोनी लाकडी पेन्सिल, जिच्या एका टोकाला पितळी टोपणात लाल खोडरबर बसवलेले आहे.’

दुसरे वाक्य लांब आहे, त्यात माहितीही अधिक आहे. पण कोणत्या वाक्याने तुमचे शेत मोठे होते? गणितातील संच आठवा. अटी वाढल्या की संच लहान होतो. शेजाऱ्याने गोल पेन्सिलीला पांढरे खोडरबर लावले तर (अ) च्या बांधात तो सापडतो, (आ) मधून सहज निसटतो. उलट (अ) इतका ऐसपैस, की जुन्या काळची एखादी तशी वस्तू त्यात सापडली तर सारा दावाच कोसळायचा. म्हणून दाव्यातील प्रत्येक शब्द तोलून घालावा लागतो. तेथे ‘बसवलेले’ आणि ‘चिकटवलेले’ हे एकच नव्हेत.

दोन शब्दांची कुस्ती

आता मूळ खटल्याकडे येऊ. नॉइस यांच्या दाव्यात धातूची पट्टी ऑक्साइडाच्या थराला ‘अॅडहिअरंट टू’, म्हणजे ‘चिकटलेली’ असते, असे म्हटले होते.

किल्बी यांच्या अर्जाच्या आकृतीत होत्या त्या अधांतरी सोन्याच्या तारा. पण अर्ज घाईने पुरा करताना त्यांनी एक लहानसा परिच्छेद घातला होता. त्याचा आशय असा: तारांऐवजी दुसऱ्याही रीती चालतील, उदाहरणार्थ, सिलिकॉन ऑक्साइडासारख्या दुर्वाहकाचा थर द्यावा, जेथे विद्युत् जोड हवा तेवढ्या जागा उघड्या ठेवाव्यात आणि सोन्यासारखा सुवाहक पदार्थ त्या दुर्वाहकावर ‘लेड डाउन ऑन’ करावा. म्हणजे आपल्या भाषेत, त्यावर ‘घालावा’.

अमेरिकेत त्या काळी दोघांनी एकच शोध आपला म्हटला, तर पेटंट कार्यालय वादाचे एक समान वाक्य ठरवी. मग प्रत्येकाने दाखवायचे, की या वाक्यातील प्रत्येक गोष्ट मी अमुक तारखेला मांडली होती. येथे समान वाक्यात ‘चिकटलेली’ हा शब्द होता. किल्बी यांचा अर्ज सहा महिने आधीचा. तेव्हा ‘घातलेली’ म्हणजे ‘चिकटलेली’ असे ठरले तर किल्बी जिंकणार; नाही ठरले तर त्या सहा महिन्यांचा काहीच उपयोग नाही. १९६२ साली हा वाद सुरू झाला आणि दोन्ही बाजूंचे वकील शब्दकोश व पाठ्यपुस्तके घेऊन उभे राहिले.

सोन्याचा स्वभाव

हा वाद नुसत्या कोशाचा असता तर मी त्यावर लिहिले नसते. त्यात भौतिकी आणि रसायन दोन्ही आहेत.

सोने हा ‘राजस’ धातू. तो गंजत नाही, काळवंडत नाही, कारण ऑक्सिजनशी त्याची मैत्री जवळजवळ नाहीच. दागिन्यासाठी हा गुण. पण सोने ऑक्साइडावर बसवायचे असेल तर तोच अवगुण ठरतो. सिलिकॉन ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू असतात. सोन्याचे अणू त्यांच्याशी बंध जोडत नाहीत. ते फक्त अलगद टेकून राहतात. काचेवर निर्वातात चढवलेला सोन्याचा पातळ थर साध्या चिकटपट्टीनेही उचलून येऊ शकतो.

अॅल्युमिनियमचे नेमके उलट. ऑक्सिजन दिसला की अॅल्युमिनियम त्याला सोडत नाही. हवेत ठेवताच त्यावर ऑक्साइडाचा पापुद्रा येतो तो यामुळेच. सिलिकॉन ऑक्साइडावर अॅल्युमिनियम चढवले की सीमेवर ते तेथील ऑक्सिजनशी बंध जोडते आणि घट्ट बसते. म्हणूनच पुढे कितीतरी वर्षे संकलित मंडलातील जोडण्या अॅल्युमिनियमच्या होत्या. सोने वापरायचेच तर आधी क्रोमियम किंवा टायटॅनियम यांसारख्या धातूचा पातळ अस्तर-थर द्यावा लागतो.

म्हणजे पाहा, किल्बी यांच्या परिच्छेदात उदाहरण होते ते सोन्याचे! नॉइस यांच्या बाजूने हा मुद्दा पुढे येणारच. ‘सोन्यासारखा पदार्थ घालावा’ एवढेच सांगितले, तर तो चिकटेलच असे कोण म्हणेल? याला किल्बी यांच्या बाजूचे उत्तर असे: जोडणी टिकायची तर ती चिकटलेलीच हवी; या धंद्यातील जाणत्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दोन परीक्षक, दोन निकाल

पेटंट कार्यालयाच्या न्यायासनाने १९६७ साली किल्बी यांच्या बाजूने कौल दिला. फेअरचाइल्डने अपील केले. ते चालले ‘सीमाशुल्क आणि पेटंट अपील न्यायालया’त. ६ नोव्हेंबर १९६९ रोजी, म्हणजे किल्बी यांच्या अर्जानंतर पावणेअकरा वर्षांनी, त्या न्यायालयाने निकाल फिरवला. ‘वर घातलेले’ या शब्दांना इलेक्ट्रॉनिकीच्या किंवा अर्धवाहकांच्या क्षेत्रात ‘चिकटलेले’ हा अर्थ अपरिहार्यपणे येतो, असे किल्बी यांना दाखवता आलेले नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. पुढे १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि वाद संपला.

‘अपरिहार्यपणे’ या शब्दापाशी थोडे थांबा. घातलेला थर चिकटू ‘शकतो’, यात शंका नाही. पण चिकटू शकतो आणि चिकटतो‘च’ यांत भूमितीतला ‘शक्य’ आणि ‘आवश्यक’ यांच्याइतका फरक आहे. चौकोन हा चौरस असू शकतो. म्हणून कोणी ‘चौकोन काढा’ म्हटल्यावर चौरसच काढायला सांगितले, असे होत नाही.

दोन निकालांतील फरक तुमच्या प्रयोगवहीवरून चांगला समजेल. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात एकाने लिहिले, ‘व्होल्टमीटर रोधकाला जोडला.’ एक परीक्षक म्हणतात, ‘समांतर असे लिहिलेले नाही, पण एकसरीत जोडला असता तर ही वाचने आलीच नसती. मुलाला ठाऊक आहे, गुण देऊ.’ दुसरे म्हणतात, ‘मला मुलाच्या डोक्यातले नव्हे, वहीतले तपासायचे आहे. समांतर हा शब्द कुठे आहे?’ पहिले परीक्षक म्हणजे १९६७ चे न्यायासन, दुसरे म्हणजे १९६९ चे न्यायालय.

तुमचे मन बहुधा पहिल्या परीक्षकांकडे झुकेल. माझेही पुष्कळदा झुकते. पण दुसऱ्यांची बाजूही पोकळ नाही. परीक्षेत एका मुलाला गुण दिले म्हणून दुसऱ्याचे कापले जात नाहीत. पेटंटच्या वादात मात्र एकाला दिलेले दुसऱ्याकडूनच जाते. शिवाय १९६७ साली चिकटलेल्या धातूच्या जोडण्या कारखान्याकारखान्यांत बनत होत्या. ते पाहिलेल्या माणसाला जुना परिच्छेद वाचताना ‘घालावा’ म्हणजे ‘चिकटवावा’ असे वाटणे सोपे. कोडे सुटल्यावर उत्तर नेहमीच सोपे वाटते! तो परिच्छेद वाचायचा तर तो फेब्रुवारी १९५९ च्या डोळ्यांनी. नाहीतर आधी मोघम लिहून ठेवणाऱ्याला नंतर इतरांनी शोधलेल्या खुब्याही आपल्याच म्हणता येतील.

मग शोध कोणाचा?

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ‘संकलित मंडल नॉइस यांनी शोधले, किल्बी यांनी नव्हे’ असे न्यायालयाने म्हटलेले नाही. एका विशिष्ट कागदात एक विशिष्ट गोष्ट लिहिलेली आहे की नाही, एवढेच त्याने तपासले. सर्व भाग एकाच तुकड्यात करण्याची कल्पना मांडणारे किल्बी यांचे पेटंट अबाधितच राहिले. ऑक्साइडावरील जोडण्यांचा हक्क नॉइस यांच्याकडे राहिला. एकाशिवाय दुसऱ्याचे चालण्यासारखे नव्हते.

हे कंपन्यांना न्यायालयाआधीच उमगले होते. १९६६ साली, म्हणजे पहिलाही निकाल लागण्यापूर्वी, दोन्ही कंपन्यांनी समझोता करून परस्परांना परवाने दिले. इतर उत्पादकांना मात्र दोघींकडूनही परवाने घ्यावे लागले. त्यामुळे १९६९ चा निकाल लागला तेव्हा कारखान्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही.

ज्या न्यायालयाने हा निकाल दिला ते १९८२ साली बंद होऊन त्याचे काम नव्या न्यायालयाकडे गेले. ‘आधी शोधले कोणी’ हे पाहण्याची अमेरिकेची जुनी पद्धतही बदलली. १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना तेथे ‘आधी अर्ज केला कोणी’ हे पाहिले जाते. नॉइस यांनी १९६८ साली गॉर्डन मूर यांच्यासह इंटेल ही कंपनी स्थापन केली. १९९० साली ते वारले. २००० सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात किल्बी यांना अर्धा वाटा मिळाला. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. पण किल्बी यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात नॉइस यांच्या कामाचा उल्लेख आवर्जून केला. २००५ साली किल्बीही गेले. न्यायालयात ज्यांच्या शब्दांची कुस्ती झाली, त्या दोघांना आज जग या शोधाचे जनक म्हणून बरोबरीनेच ओळखते.

करून पाहा

शिक्षकांना वर्गात सहज घेता येईल असा एक उपक्रम सुचवतो. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने एखादी साधी वस्तू निवडावी: कपडे वाळत घालायचा चिमटा, स्टोव्हची पिन, सायकलचे कुलूप, काहीही. तिचा हक्कदावा एकाच वाक्यात लिहावा. दुसऱ्या गटाने दोन कामे करावीत. एक, दाव्यातील शब्दांतून निसटेल, पण तेच काम करील अशी वस्तू सुचवायची. दोन, दाव्याच्या बांधात सापडेल अशी एखादी जुनीच वस्तू शोधायची. दुसरा गट जिंकला की पहिल्याने वाक्य दुरुस्त करायचे. चार-पाच फेऱ्यांत मुलांना कळून चुकते, की ‘लावलेले’, ‘जोडलेले’, ‘बसवलेले’, ‘अडकवलेले’ आणि ‘चिकटवलेले’ हे पाच वेगळे शब्द आहेत आणि मराठीने ते उगाच वेगळे ठेवलेले नाहीत.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. किल्बी यांनी आपल्या परिच्छेदात सोन्याऐवजी अॅल्युमिनियम लिहिले असते, बाकी शब्द तेच ठेवले असते, तर १९६९ चा निकाल बदलला असता का? तुम्ही न्यायाधीश असता तर काय म्हटले असते? उत्तर लिहिताना कारणही लिहा. आणि ते एकदा दुसऱ्या परीक्षकांच्या डोळ्यांनी वाचून पाहा.